रुग्ण म्हणावे की ग्राहक? : खासगी सौंदर्यचिकित्सालयांच्या नियमनाचा इतिहास

कायद्याचे पुस्तक साहित्याच्या अभ्यासकाने सहसा उघडू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. आम्हांस तो मान्य नाही. एखादा समाज शब्दांशी कसा वागतो हे त्याच्या कवितेत जितके दिसते तितकेच त्याच्या अधिनियमांतील व्याख्यांच्या कलमांतही दिसते. फरक इतकाच की कवितेतला शब्द चुकला तर फार तर कविता बिघडते. व्याख्येतला शब्द चुकला तर कोणाचा तरी देह बिघडतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका शब्दाचा मागोवा घेणार आहोत. तो शब्द आहे ‘पीडित’.

मुंबई राज्यात १९४९ साली खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा झाला. मराठीत तो ‘शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. शुश्रूषागृह म्हणजे काय, याचे त्यातले उत्तर थोडक्यात असे : आजाराने, इजेने किंवा दुर्बलतेने पीडित असलेल्या व्यक्तींना जेथे ठेवून घेतले जाते आणि त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा केली जाते, ती जागा. प्रसूतिगृहांचा समावेश त्यात वेगळा सांगून केलेला आहे. ही व्याख्या येथे जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये १९२७ साली झालेल्या शुश्रूषागृहांच्या कायद्यात जवळजवळ हीच शब्दयोजना आढळते.

व्याख्या साधी आणि भली दिसते. परंतु एक प्रश्न तिला विचारून पाहावा. तिशीतली एक धडधाकट बाई आपले ओठ थोडे भरीव व्हावेत म्हणून एखाद्या क्लिनिकमध्ये गेली. ती आजारी नाही, तिला इजा झालेली नाही, ती दुर्बळही नाही. ती रात्रभर तेथे राहणार नाही. अर्ध्या तासात सुई टोचून घेऊन घरी जाणार आहे. या कायद्याच्या दृष्टीने ती कोण? आणि ती जेथे गेली ती जागा कोणती? ‘क्लिनिक’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेत ‘खाट’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. खाटा मोजणाऱ्या कायद्याला खाट नसलेले क्लिनिक दिसावे तरी कसे?

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा आणि तिच्या नियमनाचा इतिहास आम्हांस या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. वरवर पाहता तो शोधांचा, घोटाळ्यांचा आणि चौकशी समित्यांचा इतिहास आहे. मुळाशी मात्र तो नामकरणाचा वाद आहे. दारात आलेल्या माणसाला रुग्ण म्हणावे की ग्राहक?

* * *

या वादाच्या पूर्वीचा काळ पाहायचा तर पुण्यापासूनच सुरुवात करावी लागते. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापले. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठी माणूस टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना वावरला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बुंध्यावर बसवून माप घ्यायचे, ते मेण कपाळावर पसरून तेवढ्या आकाराची रेघ आखायची, तेवढी कातडी एका बाजूने जिवंत ठेवून सोडवायची आणि वळवून नाकाच्या जागी बसवायची, अशी ती रीत होती. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचे पत्रात नमूद आहे. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपच्या ग्रंथांत गेली.

ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. आमचे लक्ष मात्र तिच्यातल्या एका गोष्टीकडे आहे. त्या कारागिराकडे परवाना नव्हता, पदवी नव्हती. हात आणि पिढीजात अनुभव एवढेच त्याचे भांडवल होते. तरीही कावसजीला नाक कशासाठी हवे, हे कोणी विचारले नाही. त्याला खरोखर इजा झालेली होती आणि ती त्याच्या चेहऱ्याच्या मध्यभागी सर्वांना दिसत होती. त्याच्या बाबतीत ‘पीडित’ या शब्दाबद्दल कोणाला शंका घेण्याचे कारणच नव्हते.

शंका निर्माण झाली ती शंभर वर्षांनी, बर्लिनमध्ये. १८९६ साली याकोब योझेफ या तरुण डॉक्टरने एका मुलाचे पुढे आलेले कान शस्त्रक्रियेने मागे बसवले. कानांवरून होणाऱ्या चेष्टेमुळे तो मुलगा शाळेत जायला तयार नव्हता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि योझेफची नोकरी गेली. निरोगी शरीरावर केवळ रूपासाठी सुरी चालवणे त्याच्या वरिष्ठांना वैद्यकीच्या मर्यादेबाहेरचे वाटले. १८९८ साली त्याने एका माणसाचे मोठे नाक लहान केले आणि बर्लिनच्या वैद्यकीय मंडळापुढे ते प्रकरण मांडले. त्याचा युक्तिवाद असा होता की हा माणूस लोकांत मिसळणे टाळत होता, खिन्न होता; शस्त्रक्रियेनंतर त्याची खिन्नता गेली. म्हणजे पीडा होती, पण ती मनात होती.

हा युक्तिवाद पुढे फार दूरवर गेला. ॲडलरची ‘न्यूनगंडा’ची संकल्पना लोकप्रिय झाल्यावर अमेरिकेतल्या सौंदर्यशल्यविशारदांनी तिचा मनापासून स्वीकार केला. बसके नाक हा आजार नव्हे. पण त्या नाकामुळे आलेला न्यूनगंड हा आजार म्हणता येतो, आणि मग नाकावरची शस्त्रक्रिया हा मनावरचा उपचार ठरतो. इच्छेला कायद्याच्या आणि प्रतिष्ठेच्या दारातून आत घ्यायचे तर तिला पीडेचा वेष द्यावा लागत होता. या वेषांतरात लबाडी होतीच असे नाही. ते दुःख अनेकदा खरे असे. परंतु त्यामुळे सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळून राहिले : हिला हे का हवे? ते कोण करणार, कुठे करणार, काय टोचणार आणि बिघडल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न मागेच राहिले.

ते विचारायला हवे होते, याचा पुरावा त्याच काळात समोर येत होता. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाचे रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिनवर्गीय पदार्थ कातडीखाली टोचून खळगे भरण्याची रीत प्रचारात आणली. ती झटपट होती, सुरी लागत नव्हती, आणि म्हणूनच डॉक्टर नसलेल्यांच्याही हाती गेली. काही वर्षांतच तिचे परिणाम दिसू लागले. टोचलेले मेण जागा सोडून सरके, त्याच्या गाठी होत, कातडी सुजून फुटे. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने नाकाचा पूल सरळ व्हावा म्हणून तरुणपणी असे मेण टोचून घेतले होते. ते ओघळून तिचा चेहरा कायमचा बिघडला. आज ‘फिलर’ या नावाने जे ओळखले जाते त्याचा हा पूर्वज. पदार्थ बदलले आहेत. सुरी नको, सुई चालेल, हे आकर्षण तेच आहे.

* * *

पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. खंदकांच्या लढाईत चेहरे उद्ध्वस्त झालेले हजारो सैनिक परतले. हॅरल्ड गिलीझ यांनी इंग्लंडमध्ये सिडकप येथे, १९१७ साली उघडलेल्या रुग्णालयात, त्यांचे चेहरे पुन्हा घडवले. ही कावसजीचीच परंपरा होती : इजा उघड, पीडा निर्विवाद. पण युद्ध संपले आणि कमावलेले कौशल्य नवा विषय शोधू लागले. पॅरिसमध्ये सुझान नोएल या शल्यविशारद चेहऱ्याच्या सुरकुत्या काढण्याच्या शस्त्रक्रिया करीत होत्या. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच त्यांनी या शस्त्रक्रियेच्या ‘सामाजिक कार्या’चा उल्लेख केला. नोएल स्त्रीवादी होत्या. त्यांचे म्हणणे असे की वय दिसू लागले की काम करणाऱ्या स्त्रीची नोकरी जाते. तेव्हा सुरकुती काढणे हा नखरा नसून पोटापाण्याचा प्रश्न आहे. येथे पीडा शरीरात नाही, मनातही नाही. ती बाजारात आहे. आमच्या मते त्या काळातला हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद होय.

याच पॅरिसमध्ये १९२८ साली ती घटना घडली जिने हा वाद न्यायालयात नेला. फॅशनच्या व्यवसायातल्या एका तरुणीला आपल्या पोटऱ्या जाड वाटत होत्या. डॉ. दुजारिए या नामवंत शल्यविशारदाने तिच्या पायावर शस्त्रक्रिया केली. जखम सडली आणि पाय कापावा लागला. २५ फेब्रुवारी १९२९ रोजी सेन न्यायाधिकरणाने डॉक्टरला दोषी धरून दोन लाख फ्रँकची भरपाई देण्यास सांगितले. निकालातला तर्क महत्त्वाचा आहे. न्यायाधिकरणाने असे म्हटले नाही की शस्त्रक्रिया चुकीच्या रीतीने झाली. त्याने म्हटले की निरोगी अवयवावर, आरोग्याची कोणतीही गरज नसताना, केवळ त्याची रेषा सुधारण्यासाठी गंभीर जोखमीची शस्त्रक्रिया हाती घेणे हाच मुळात दोष आहे.

म्हणजे ती तरुणी पीडित नव्हती. आणि जी पीडित नाही तिला रुग्ण होण्याचा हक्कच नाही. या निकालाने भरपाई जरूर दिली, पण सौंदर्याच्या इच्छेला वैद्यकीच्या बाहेर हाकलून दिले. शल्यविशारदांनी आरडाओरडा केला. १२ मार्च १९३१ रोजी वरिष्ठ न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, पण कारण बदलले. अशी शस्त्रक्रिया मुळातच निषिद्ध नाही. डॉक्टरचा दोष हा की त्याने जोखमीची पुरेशी कल्पना तरुणीला दिली नव्हती.

या दोन वर्षांतला हा बदल आम्हांस फार मोलाचा वाटतो. १९२९ चे न्यायालय विचारते, ‘तुला हे का हवे?’ १९३१ चे न्यायालय विचारते, ‘तुला सर्व काही सांगितले होते का?’ पहिला प्रश्न इच्छेचा न्याय करतो, दुसरा व्यवहाराचा. पहिल्या प्रश्नापुढे बाई आरोपी ठरते, दुसऱ्यापुढे डॉक्टर. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत नियमनाने जी काही वाट चोखाळली ती या दुसऱ्या प्रश्नाच्या दिशेने. आणि दर वेळी वाटेत अडखळली ती पहिल्या प्रश्नाच्या आठवणीने.

* * *

हे अडखळणे सर्वांत स्पष्ट दिसते ते इंग्लंडमध्ये. १९२७ च्या व्याख्येत पुढे भर पडत गेली. १९८४ च्या कायद्याने भूल देऊन शस्त्रक्रिया होणाऱ्या जागाही नोंदणीच्या कक्षेत आणल्या. म्हणजे खाटेच्या जोडीला भूल हाही निकष आला. २००० सालच्या ‘केअर स्टँडर्ड्स ॲक्ट’ने खासगी आरोग्यसेवेसाठी नवी तपासणी-यंत्रणा उभारली आणि सूचित सेवांच्या यादीत सौंदर्यशस्त्रक्रियेचे नाव प्रथमच स्वच्छपणे लिहिले. पीडा सिद्ध न करताही एका क्लिनिकला कायदा लागू झाला, ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्याच कायद्याखालच्या नियमांनी काही अपवाद सांगितले. कान टोचणे, गोंदवणे, विजेच्या उष्णतेने केसांची मुळे किंवा कातडीवरचे लहान डाग काढणे, आणि रूप सुधारण्यासाठी कातडीखाली एखादा पदार्थ टोचणे, ही सौंदर्यशस्त्रक्रिया मानायची नाही. शेवटचा अपवाद पुन्हा वाचावा. शंभर वर्षांपूर्वी मेण टोचणाऱ्यांना जी मोकळीक कायद्याच्या अभावाने मिळाली होती, ती आता कायद्याने लिहून दिली. आणि नेमक्या त्याच सुमारास, एप्रिल २००२ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भुवयांमधील आठ्या घालवण्यासाठी बोटॉक्सला मान्यता दिली. सुईचा व्यवसाय भरभराटीला येण्याच्या क्षणी कायद्याने सुईकडे पाठ केली. बोटॉक्स निदान डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध होते. फिलरला तीही अट नव्हती. २०१० मध्ये तर सौंदर्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेझरलाही इंग्लंडमधील राष्ट्रीय नोंदणीतून वगळण्यात आले.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये वेगळेच काही उघडकीस आले. भूमध्य समुद्राच्या काठच्या ला सेन-सुर-मेर या गावात ‘पॉली इम्प्लांट प्रोथेस’ नावाची कंपनी स्तनरोपणे बनवीत असे. झाँ-क्लोद मास हा तिचा संस्थापक. मार्च २०१० मध्ये फ्रेंच औषध नियामकांनी कारखान्याची तपासणी केली तेव्हा कळले की मान्यताप्राप्त वैद्यकीय जेलऐवजी कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत होती. जगातल्या सुमारे पासष्ट देशांत तीन लाखांच्या आसपास स्त्रियांच्या शरीरात ही रोपणे गेली होती. मजा अशी, आणि तिला मजा म्हणताना जीभ अडखळते, की कारखान्याला युरोपीय प्रमाणपत्र होते. प्रमाणन-संस्थेचे तपासनीस आगाऊ कळवून येत, आणि ते येण्यापूर्वी आक्षेपार्ह साहित्य हलवले जाई. डिसेंबर २०१३ मध्ये मार्सेच्या न्यायालयाने मासला चार वर्षांची शिक्षा सुनावली. २०१९ मध्ये तो मरण पावला.

ब्रिटनमध्ये अशी रोपणे असलेल्या स्त्रिया सुमारे ४७,००० होत्या. येथे नामकरणाचा प्रश्न अगदी उघडा पडला. ज्यांना ती सरकारी आरोग्यसेवेतून, बहुतांशी कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी मिळाली होती, त्यांची रोपणे काढून नवी बसवून देण्याचे जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाले. ज्यांनी खासगी क्लिनिकमध्ये पैसे देऊन ती बसवली होती, त्यांनी आधी आपल्या क्लिनिककडे जावे, असे सांगण्यात आले. क्लिनिक बंद पडले असेल किंवा नकार देत असेल तर सरकार रोपण काढून देईल. इंग्लंडमध्ये नवे मात्र बसवून मिळणार नाही. कारखाना तोच, जेल तेच, फुटण्याची भीती तीच. एकीला रुग्ण म्हटले आणि दुसरीला ग्राहक. सरकारी तिजोरीने ऐच्छिक शस्त्रक्रियेचा खर्च का उचलावा, हा प्रश्न गैर नव्हे. त्याला आमच्याकडेही सोपे उत्तर नाही. पण सदोष रोपणाला प्रमाणपत्र देणारी व्यवस्था दोघींसाठी एकच होती, आणि तिने दोघींना सारखेच फसवले होते.

या प्रकरणातून ब्रूस किओ यांच्या अध्यक्षतेखाली समीक्षा-समिती नेमली गेली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला. सुरीविना होणारे सौंदर्योपचार घेणाऱ्याला टूथब्रश किंवा बॉलपेन विकत घेणाऱ्यापेक्षा अधिक संरक्षण नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वाक्य कठोर आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्यातली उपमा लक्षात घेण्याजोगी वाटेल. रुग्ण नव्हे तर ग्राहक, असे म्हणून जिला बाजूला सारले, तिला ग्राहक म्हणूनही धड काही मिळाले नाही, हे समितीने दोन क्षुद्र वस्तूंच्या नावांनी सांगितले. फिलर चिठ्ठीवरच मिळावे, रोपणांची नोंदवही असावी, ‘एकावर एक’ छापाच्या आणि मुदतीच्या सवलती बंद व्हाव्यात, अशा शिफारशी तिने केल्या. रोपणांची नोंदवही २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी वैद्यक परिषदेने डॉक्टरांसाठी जाहिरातींचे आणि संमतीचे नियम कडक केले. फिलर मात्र चिठ्ठीविनाच राहिले. ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला केवळ रूपासाठी बोटॉक्स किंवा फिलर टोचणे गुन्हा ठरले. २०२२ च्या आरोग्य कायद्याने परवानापद्धती आणण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. २०२३ मध्ये लोकांची मते मागवण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने उपायांची पुन्हा घोषणा केली. घोषणांच्या या मंद मालिकेचे कारण केवळ आळस नसावे. ज्याला धड आजारी म्हणता येत नाही त्याच्यासाठी खर्च आणि त्रास घ्यायचा, हे शासनयंत्रणेला अजून पूर्णपणे पटलेले नाही.

युरोपीय संघाने या बाबतीत एक धीट पाऊल टाकले. २०१७ च्या वैद्यकीय उपकरणांच्या नियमावलीला जोडलेल्या सोळाव्या परिशिष्टात, वैद्यकीय हेतू नसलेल्या वस्तूंची यादी आहे. फिलर, चरबी काढण्याची यंत्रे, सौंदर्यासाठीचे लेझर, डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या काचा त्यात येतात. त्यांनाही उपकरणांचेच नियम लागू केले गेले. कारखान्यांची न कळवता तपासणीही सक्तीची झाली. हे परिशिष्ट कोणाला ‘तुला हे का हवे?’ असे विचारत नाही. जी वस्तू शरीरात जाते ती शरीरात जाण्याजोगी असली पाहिजे, एवढेच ते म्हणते. जे म्हणायला इतके सोपे होते ते लिहायला इतकी वर्षे लागली. नियमावली प्रत्यक्ष लागू झाली तेव्हा, मे २०२१ मध्ये, ब्रिटन संघाबाहेर पडले होते.

* * *

आता आपल्या घराकडे वळू. १९४९ च्या कायद्याचा उल्लेख वर आलाच आहे. भारतात ‘रुग्ण की ग्राहक’ हा वाद मात्र निराळ्या वळणाने गेला आणि त्यामुळे आमची मांडणी थोडी दुरुस्त करावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही, यावर बराच वाद झाल्यावर १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात निर्णय दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याच्या कक्षेत येते. आपल्याकडे रुग्णाला दाद मागण्याचा सोपा मार्ग मिळाला तो ‘ग्राहक’ या नावाने. तेव्हा ‘ग्राहक’ हा शब्द मुळात हीन आहे असे मानण्याचे कारण नाही. पण ग्राहकाचा हक्क बिघाड झाल्यानंतर जागा होतो. सुई टोचणाऱ्याचा हात, खोलीची स्वच्छता, जवळ प्राणवायू आणि तातडीची औषधे आहेत की नाहीत, हे सर्व बिघाडापूर्वी पाहायचे असते. ते काम ग्राहक मंच करू शकत नाही.

ते काम करावे म्हणून केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला. त्याने खाटांची अट सोडून साध्या दवाखान्यांनाही कवेत घेतले. परंतु त्याच्याही व्याख्येत उपचार कशावर, तर आजार, इजा, व्यंग, विकृती किंवा गर्भारपण यांवर. पुन्हा तोच पेच. भरीव ओठ हवे असलेली बाई या यादीत बसवायची तर तिच्या पातळ ओठांना व्यंग म्हणावे लागेल. म्हणजे संरक्षण हवे असेल तर आधी अपमान पत्करावा. बर्लिनमध्ये योझेफला जे करावे लागले तेच सव्वाशे वर्षांनी आमच्या व्याख्या करायला सांगतात. राज्यांनी हा कायदा आपणहून स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने आपला जुनाच अधिनियम ठेवला आणि त्याखालचे नियम २०२१ मध्ये सुधारून त्यांत रुग्णांच्या हक्कांची सनद आणली. सनद स्वागतार्ह आहे. तिचे नाव मात्र रुग्णांचीच सनद असे आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे, ती प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत सांगितले आहे. हे लिहून सांगावे लागले, यातच परिस्थिती कळते. तथापि या सूचनांचा एक गुण आवर्जून सांगितला पाहिजे. टक्कल हा आजार आहे काय, या चर्चेत त्या शिरत नाहीत. हात कोणाचा आणि जागा कोणती, एवढेच त्या विचारतात.

* * *

हा प्रवास मागे वळून पाहिला तर आम्हांस असे दिसते की सौंदर्याच्या इच्छेशी कायदा तीन तऱ्हांनी वागला. १९२९ च्या पॅरिसने ती दोषास्पद मानली. मानसशास्त्राच्या आधाराने पुढच्या पिढ्यांनी तिला आजार म्हटले. बाजाराने तिला खरेदी म्हटले. तिन्ही वेळा इच्छेचे नाव बदलले. सुईकडे पाहायला मात्र उशीर झाला. जेथे जेथे संरक्षण खरोखर मिळाले, म्हणजे १९३१ च्या निकालात, २००० च्या यादीतल्या एका शब्दात, २०१७ च्या परिशिष्टात, तेथे इच्छेची उलटतपासणी थांबवून व्यवहाराची तपासणी सुरू झालेली होती.

सौंदर्याच्या या बाजारावर टीका करायला आम्हांस आवडेल. गोऱ्या रंगाच्या आणि सरळ नाकाच्या आग्रहामागे कोणती सत्ता उभी आहे, हे स्त्रीवादी समीक्षेने पुष्कळ सांगितले आहे आणि ते खरे आहे. पण ती टीका वर्गात आणि लेखात करायची असते. टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला ती ऐकवून त्याची सुरक्षा कमी करण्याचा अधिकार ती आपल्याला देत नाही. एखाद्याची इच्छा आपल्याला क्षुल्लक वाटते म्हणून त्याच्या शरीरात गेलेले औद्योगिक सिलिकॉन क्षुल्लक ठरत नाही.

आपल्या जुन्या कायद्याच्या नावात एक शब्द आहे, त्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधून थांबतो. शुश्रूषा म्हणजे सेवा, हा रूढ अर्थ. परंतु तो ‘श्रु’ धातूच्या इच्छादर्शक रूपापासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आजारी माणसाचे ऐकून घेण्याची इच्छा असणे, यातून सेवेचा अर्थ पुढे आला असावा, असे वाटते. कायद्याने ‘पीडित’ हा शब्द सोडून नावातल्या या शब्दाकडे वळावे. दारात आलेला माणूस आजारी आहे की नाही, हे ठरवण्यापूर्वीही त्याचे ऐकून घेता येते, त्याला सर्व काही सांगता येते आणि त्याला टोचली जाणारी सुई तपासता येते.